रुपयाच्या नोटेवरचा मनोरा आणि आमच्या पुळणीवरचं डांबर

जुनी एक रुपयाची नोट आठवते का? तिच्या मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा छापलेला असायचा. आम्ही पोरं त्याला जहाज म्हणायचो. तो होता 'सागर सम्राट', जपानमध्ये बांधलेली आणि लांब पाय समुद्रतळावर टेकवून उभी राहणारी तेलविहिरी खोदायची रिग. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला याच रिगला बॉम्बे हायचं तेल लागलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकात देशात निघणाऱ्या तेलातला निम्म्याहून अधिक वाटा एकट्या बॉम्बे हायचा होता.

१९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं आणि काही महिन्यांत जगात तेलाचे भाव जवळपास चौपट झाले. रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला बॉम्बे हायचा अभिमान वाटला तर त्यात नवल नाही. माझ्या वडिलांनाही होता. त्यांनी ती नोट दाखवून मला सांगितलेलं, "हे आपल्या समोरच्या दर्यातलं आहे."

त्याच दर्यातली दुसरी आठवण १९८९ च्या मे महिन्यातली. मी तेव्हा नववीत होतो. आमचं गाव अलिबाग तालुक्यातलं, खाडीच्या तोंडावरचं. सकाळी पुळणीवर गेलो तर भरतीच्या रेषेवर काळे गोळे पडलेले, काही लिंबाएवढे, काही भाकरीएवढे थापलेले. पायाला लागले की साबणाने निघत नाहीत, रॉकेलनेच पुसावे लागतात. तोवर आम्हाला ती पोरखेळातली गंमत होती. पण दुपारी माझे काका डोल काढून आले, तेव्हा जाळ्याचा खोला काळा होऊन चिकटलेला. पुळणीवर वाळत घातलेल्या जवळ्यातही डांबर. हंगामाचे शेवटचे दिवस होते. पावसाळ्याची बेगमी त्या आठवड्यावर होती आणि ती गेली.

पंचनाम्याला कोणी एक साहेब आले. त्यांनी काकांना विचारलं, "गेल्या वर्षी याच दिवसांत किती माल निघाला होता? पावती आहे?"

काका म्हणाले, "सायेब, बोंबलाची पावती कोन देतं?"

साहेबांनी वही मिटली. तेल कुणाचं, कुठल्या जहाजाचं की कशाचं, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढे मी या किनाऱ्याच्या तेलगळतीचा इतिहास वाचत गेलो. पानापानावर काकांचा तो प्रश्न आठवत राहिला.

जुलै १९८२ च्या अखेरीस बॉम्बे हायमध्ये 'सागर विकास' या रिगवर ब्लोआउट झाला. म्हणजे विहिरीतला दाब आवरला नाही आणि तेल-वायू उसळून पेटला. ती विहीर काबूत आणायला अमेरिकेतून रेड अडेअर यांना बोलवावं लागलं. १७ मे १९९३ ला बॉम्बे हायहून उरणला येणारी समुद्राखालची तेलवाहिनी फुटली. हजारो टन तेल सांडलं आणि तवंग मुरूडकडे आला. २७ जुलै २००५ ला, म्हणजे मुंबई पुरात बुडालेली असताना, 'समुद्र सुरक्षा' हे मदतीचं जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या तेलनळावर आदळलं. मनोरा जळून खाक झाला. २२ माणसं गेली.

७ ऑगस्ट २०१० ला 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, उरण-अलिबागची तिवरं काळी झाली. चित्रावरच्या कंटेनरांत कीटकनाशकंही होती, त्यामुळे मासळी बाजारात गिऱ्हाईक फिरकेना. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, कोळशाने भरलेलं 'राक कॅरियर' बुडालं आणि त्याचं इंधन जुहूच्या किनाऱ्यापर्यंत आलं.

तारखा नीट बघा. मे, जुलै, ऑगस्ट. पावसाळ्यात समुद्र खवळतो, अपघात वाढतात. त्यातच वारा नैऋत्येचा, म्हणजे सांडलेलं सगळं आपल्याकडेच ढकलणारा. तेलातला हलका भाग उडून जातो. उरलेलं लाटांनी घुसळून घट्ट होतं आणि त्याचे डांबरगोळे किनाऱ्याला लागतात. खाडीत शिरलं तर आणखी वाईट. तिवरांची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. त्याच चिखलात निवट्या, चिंबोरी, कोळंबीची पिल्लं वाढतात. औषध फवारून तवंग फोडला की वरून पाणी स्वच्छ दिसतं, पण तेल बारीक थेंब होऊन खाली जातं, जिथे मासा असतो.

या प्रत्येक घटनेत किती टन सांडलं याचा काही ना काही आकडा सापडतो. १९९३ नंतर शास्त्रज्ञांनी मुरूडच्या पाण्याचे आणि जीवांचे नमुने तपासले, त्यावर निबंध छापला. त्याच वर्षी तेलगळतीसाठी राष्ट्रीय आराखडा मंजूर झाला, तटरक्षक दलाकडे जबाबदारी आली. राक कॅरियरच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये पर्यावरणाच्या हानीपोटी १०० कोटींची भरपाई ठरवली. हे सगळं चांगलंच झालं. पण कुठल्या गावात किती डोली वाया गेल्या, किती पाट्या मासळी परत आली, किती घरांनी पावसाळा उसनवारीवर काढला, हे मला कुठेही लिहिलेलं सापडलं नाही.

तेल कुणाचं ते कळत नाही, असं आम्ही समजायचो. तेही आता खरं नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याच्या डांबरगोळ्यांचे रासायनिक ठसे तपासले. काही बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, काही टँकरच्या टाक्या धुऊन सोडलेल्या तेलाशी. तेलाचं नाव शोधता येतं. नुकसान मात्र आधीची नोंद असेल तरच मोजता येतं.

कायद्याची बाजूही समजून घ्या. टँकरमधून तेल सांडलं तर भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, जहाजाच्या इंधनासाठी वेगळा आहे. समुद्रतळातल्या विहिरीसाठी मात्र सगळ्या जगाला लागू असा करार अजून नाही. तिथे ज्याचं नुकसान, त्यानेच ते सिद्ध करायचं.

ते सिद्ध करणारी माणसं आहेत. २१ ऑगस्ट २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत, तिमोर समुद्रात 'मोंटारा' ही विहीर फुटली आणि ७४ दिवस वाहत राहिली. इंडोनेशियाच्या रोटे बेटावर लोक समुद्रशेवाळाची शेती करतात. ते शेवाळ पांढरं पडून मेलं. तेल तिथवर पोचलंच नाही, असं कंपनीचं म्हणणं. २०१६ मध्ये शेतकरी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात गेले. कोणाकडे हिशेबाच्या वह्या होत्या अशातला भाग नाही. त्यांनी साक्षी दिल्या: आधी किती दोर लावायचो, किती माल विकायचो, त्या पैशात काय केलं, नंतर काय उरलं. मार्च २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढच्या वर्षी १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली, १५ हजारांहून अधिक शेतकऱ्यांसाठी. तेरा वर्षं लागली, पण मिळालं.

मी तेलाच्या विरोधात नाही. काकांची होडीही डिझेलवरच चालायची. १९७४ चं ते यश खरं होतं. २०१५ मध्ये रुपयाची नोट पुन्हा छापली, तेव्हाही मागे सागर सम्राट होताच. माझं म्हणणं एवढंच, की मनोऱ्याची नोंद नोटेवर आहे आणि काकांच्या जवळ्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या माझ्या भावा-बहिणींना एक विनंती. प्रत्येक होडीमागे एक वही ठेवा. तारीख, जाळं कुठे लावलं, कोणती मासळी, किती पाट्या, किती पैसे. मावश्यांनो, बाजारात काय विकलं तेही लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोराला सांगा, नाहीतर मोबाईलवर बोलून ठेवा. पुळणीवर डांबर दिसलं तर तारखेसकट फोटो काढा, एक गोळा झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून ठेवा. मच्छीमार सोसायटीत या वह्या एकत्र ठेवल्या तर फारच उत्तम.

काका आता नाहीत. पण पुढच्या वेळी कोणी साहेब येऊन "पावती आहे?" असं विचारतील, तेव्हा आपल्या हातात वही असली पाहिजे.

तुमच्या गावच्या किनाऱ्यावर असं डांबर कधी आलं होतं? साल आणि महिना आठवत असेल तर खाली नक्की लिहा. तीही एक नोंदच आहे.