वाघिणीचं दूध आणि पस्तीस मार्क

जून १९८१. सोलापुरातल्या आमच्या बोळात त्या दिवशी एकाच घरी वर्तमानपत्र आलं होतं आणि त्याभोवती दहा-बारा डोकी जमली होती. दहावीचा निकाल त्या काळी पेपरात नंबरांनी छापून येई. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, उंबऱ्याच्या आत उभी होती. अब्बांनी रकान्यावरून बोट खालपर्यंत नेलं, पुन्हा वर आणलं. तिचा नंबर नव्हता. पुढे गुणपत्रिका हातात आली. मराठीत चांगले मार्क, इतिहासात त्याहून चांगले, गणितात पास. इंग्रजीत मात्र २७. पास व्हायला ३५ लागत.

मग ऑक्टोबरची वारी झाली. तेव्हा ३० मिळाले. त्यानंतर घरात शिलाई मशीन आलं आणि आपाचं शिक्षण संपलं.

शाळेतल्या इंग्रजीविषयी बोलायचं म्हटलं, की मला आधी ते कमी पडलेले आठ मार्क आठवतात. ते तिच्या एकटीचे नव्हते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत अशी एक आपा, एक ताई, एक दादा असेल. हे मार्क आले कुठून आणि गेले कुठे, याचा शोध घेत मी मागे मागे गेलो, तो थेट १८४७ सालापर्यंत पोचलो.

इंग्रजी शिक्षण म्हटलं की आपल्याला मेकॉले आठवतो आणि त्याचं १८३५ चं टिपण. पण मुंबई इलाख्यात खरा वाद त्यानंतर झाला. इथल्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीतून शिकवण्याकडे होता. कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांची बाजू घेतली आणि मंडळावरचे तिघे हिंदी सभासद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ते तिघे म्हणजे जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघेही मुंबईचे, व्यवहार जाणणारे. इंग्रजीची किंमत त्यांना ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? विद्या सामान्य माणसापर्यंत न्यायची तर ती त्याच्या भाषेतूनच न्यावी लागेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

१८५४ च्या वुडच्या खलित्यानं या वादावर तडजोड काढली. खालचं शिक्षण देशी भाषेत, वरचं इंग्रजीत. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण त्यामुळे एक जिना तयार झाला. खालच्या पायऱ्या मराठीच्या आणि वरच्या इंग्रजीच्या. मधे जिथे भाषा बदलते, तिथे दार बसवलं गेलं. त्या दाराचं नाव मॅट्रिक.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षा होती विद्यापीठात पाऊल ठेवण्यासाठी. पण लवकरच कचेऱ्यांनीही ती मापाला धरली. ‘मॅट्रिक पास’ ही पदवीच झाली आणि ‘मॅट्रिक फेल’ म्हणून ओळख सांगणारेही आपल्या समाजात होते. ज्यांना कॉलेजात जायचंच नव्हतं, त्यांनाही कॉलेजच्या दाराची किल्ली दाखवावी लागू लागली.

हे दार आपल्यासाठीही उघडलं पाहिजे असं ज्यांना वाटलं, त्यांची यादी पाहण्यासारखी आहे. सावित्रीबाई फुल्यांच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजी शिका असं सांगणाऱ्या कविता आहेत. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत अंजुमन-इ-इस्लामची स्थापना केली, ती मुसलमान मुलांना नव्या शिक्षणाकडे वळवण्यासाठी. विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणत. १८८० साली त्यांनी टिळकांना बरोबर घेऊन पुण्यात शाळा काढली तीही ‘न्यू इंग्लिश स्कूल’. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी मात्र दुखऱ्या जागी बोट ठेवलं. सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो आणि ज्यांच्या घामाचा तो आहे, त्यांच्या मुलांना साधी प्राथमिक शाळाही मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली आणि केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. एक मुलगा मॅट्रिक होतो म्हणून सभा भरते, यावरून ते दार किती अरुंद होतं हे कळतं.

मी कवी आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या इंग्रजी वर्गांनी आपल्याला फार मोठं काही दिलं. केशवसुत न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी. मॅट्रिक व्हायला त्यांना विशी ओलांडावी लागली. पुढे पोटासाठी त्यांनी शिक्षकी केली. परीक्षेच्या मापानं पाहिलं तर हुशार विद्यार्थ्यांत त्यांची गणना झाली नसती. पण इंग्रजी कविता त्यांनी अशी पचवली की मराठीत सुनीत आलं आणि मराठी कवितेची कूस बदलली. त्यांना जे मिळालं ते कुठल्याही प्रश्नपत्रिकेत मोजता आलं नसतं. साहित्य असंच मिळतं. आपण मोजतो मात्र वेगळंच.

शिकवण्याची पद्धत काय होती? तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घराघरांत होती. मराठी वाक्याचं इंग्रजी करा, इंग्रजी वाक्याचं मराठी करा. तिची आज थट्टा होते, पण तिनं एक केलं. मुलाच्या स्वतःच्या भाषेला वर्गात बसायला जागा दिली. नंतर रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले. त्यांच्या व्याकरणावर पिढ्या पोसल्या. हे सगळं कागदावरचं इंग्रजी होतं. वाचायचं, लिहायचं, तपासायचं. बोलण्याची परीक्षा नव्हती, म्हणून बोलणं शिकवलं गेलं नाही.

परीक्षा शिक्षणाच्या मानगुटीवर बसली आहे, ही ओरड काही आजची नाही. १८८२ च्या हंटर आयोगानंच सुचवलं होतं, की मॅट्रिकच्या जोडीला व्यवहारोपयोगी असा दुसरा अभ्यासक्रम असावा. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानं पुन्हा परीक्षेच्या वर्चस्वावर बोट ठेवलं. आयोग आले, अहवाल झाले. प्रश्नपत्रिका आपल्या जागी राहिली.

स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत इंग्रजी आठवीपासून शिकवावी असं ठरलं. मातृभाषेचा पाया पक्का व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण १९५४ मध्ये मुंबई सरकारनं इंग्रजी माध्यमाच्या शाळांत अँग्लो-इंडियन वगैरे मुलांखेरीज इतरांना प्रवेश देऊ नये असा आदेश काढला, तेव्हा देवळालीचं बार्न्स हायस्कूल चालवणारी संस्था न्यायालयात गेली. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी तो आदेश रद्द ठरवला. निकाल घटनेला धरून होता. पण त्यानंतर दोन वाटा स्पष्ट झाल्या. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पहिल्या दिवसापासून इंग्रजीत. उरलेल्यांना ती आठवीत भेटायची. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पाचवीत आली. १९७५ मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावीच्या जुन्या एस. एस. सी. चा जमाना संपला.

त्या पाचवीच्या इंग्रजीचे आम्ही. घरी दखनी, शाळेत मराठी, सोबत हिंदी, मक्तबात अरबी आणि मग इंग्रजी. अरबी आम्ही अर्थ न कळता वाचायला शिकलो. तिथे श्रद्धा होती, त्यामुळे कधी काही अडलं नाही. नवल याचं, की इंग्रजीही तशीच शिकलो. वर्गात साठ-पासष्ट मुलं. सर मनानं फार चांगले. ते एकेक ओळ वाचत, मराठीत अर्थ सांगत आणि फळ्यावर उत्तरं लिहीत. आम्ही ती उतरवून घ्यायचो आणि पाठ करायचो. कविता असेल तर तिचा सारांशसुद्धा फळ्यावर. इंग्रजी कविता कानाला कशी लागते, हे मला दहावी होईपर्यंत कळलं नाही.

आपाला २७ च का मिळाले, हे तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तिनं ‘पावसाळ्यातला एक दिवस’ हा निबंध गाईडमधून पाठ केला होता. पेपरात आला उन्हाळ्यातला दिवस. सोलापूरची मुलगी! नळावरची रांग, तापलेले पत्रे, रात्री गच्चीवर शिंपडलेलं पाणी, सगळं तिच्या अंगावरचं. दखनीत सांगायला बसली असती तर तास पुरला नसता, मराठीत चार पानं लिहिली असती. इंग्रजीत तिच्याजवळ एकच दिवस होता, तो पावसाचा. तिनं तोच लिहून दिला.

तपासणाऱ्यानं शून्य दिलं असेल तर नियमानं बरोबरच दिलं. पण त्या पेपरानं नेमकं काय तपासलं? तिला जे माहीत होतं ते? की गाईडचं कोणतं पान उघडलं ते?

पाच वर्षांनी, १९८६ मध्ये, मी पास झालो. ४१ मार्क. माझं पान बरोबर उघडलं, इतकंच. मला इंग्रजी येत होती असं नाही. बी. ए. झाल्यावर एका नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीत विचारलं, स्वतःविषयी सांगा. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि मग ‘माझी शाळा’ हा निबंध म्हणू लागलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी नजर कागदाकडे वळवली. ती नजर मी विसरलेलो नाही.

१९७९ ते १९८४ या काळात, म्हणजे आमच्याच शाळेच्या वर्षांत, एन. एस. प्रभू नावाचे शिक्षणतज्ज्ञ बंगलोर-मद्रासकडच्या शाळांत एक प्रयोग करत होते. मुलांना व्याकरण घोकायला न लावता कामं द्यायची. नकाशावरून वाट सांगा, वेळापत्रक पाहून गाडी ठरवा. मूल अर्थाच्या मागे लागलं की भाषा मागून येते, असा त्यांचा विश्वास. जगभरच्या भाषाशिक्षणात या प्रयोगाचा आजही दाखला देतात. आम्हाला त्याचा वाराही लागला नाही.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. तेव्हा वाद झडले. मला तो निर्णय न्यायाचा वाटला. पुढे दहावीत भाषांसाठी ८० मार्कांची लेखी आणि २० मार्कांची तोंडी परीक्षा आली. दीडशे वर्षांनी का होईना, परीक्षेनं मुलाला बोलायला सांगितलं! पण झालं काय, की पुष्कळ ठिकाणी हे मार्क खिरापतीसारखे वाटले जाऊ लागले. ओरड झाली आणि २०१९ च्या परीक्षेत ते काढून टाकले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. पुन्हा ओरड झाली, मार्क परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. घसरणीची आणि चढाची कारणं आणखीही असतील. पण त्या सगळ्या गदारोळात मार्क द्यावेत की नाही यावरच भांडण झालं. मुलं बोलतात का, हे फारसं कुणी विचारलं नाही.

कवितेचंही तसंच. आता दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेचं रसग्रहण करायचं असतं. कवितेचं नाव, कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. मुद्दे ठरलेले, म्हणून उत्तरंही ठरलेली. मुलं यमकं मोजतात आणि मार्क मिळवतात. त्यापेक्षा एक मूल उभं राहून कविता मोठ्यानं वाचेल आणि कुठली ओळ आवडली, का आवडली, हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगेल, तर ती खरी परीक्षा नाही का? त्याला वेगळा पैसा लागत नाही. वेळ लागतो आणि वर्गात मुलं कमी लागतात. शिक्षकावर विश्वासही ठेवावा लागतो. ते २० मार्क खरे झाले, तर उरलेल्या ८० ची रीतही हळूहळू बदलेल. कारण आपल्याकडे जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे मॅट्रिकच्या काळापासून चालत आलं आहे.

आपा आता साठीची आहे. यंदा तिची नात दहावीला. परवा गेलो तेव्हा मुलगी तोंडी परीक्षेची तयारी करत होती. विषय होता, आपली आजी. कागदावरून घडाघडा म्हणत होती, ‘माझी आजी मला परीकथा सांगते.’ आपा मशीनवरून म्हणाली, ‘मैं कब सुनाई गे परीकथा? मैं तो शिवतूं. वो बोल ना.’ मुलीनं कागद खाली ठेवला. मशीनला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला येत होतं, टाक्याला काय म्हणतात ते तिनं मला विचारलं. मलाही पटकन आठवेना. मग आम्ही तिघं शब्दकोश घेऊन बसलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)