गुश्ताबा

(गोश्ताबा). मेंढीच्या मांसाचा काश्मीर खोऱ्यातील पारंपरिक पदार्थ. कुटून लोण्यासारख्या मऊ केलेल्या मांसाचे मोठे गोळे दह्याच्या पांढऱ्या रश्श्यात शिजवून तो करतात. काश्मिरी मुसलमानांच्या लग्नातील ‘वाझवान’ या मेजवानीत मांसाचा हा शेवटचा पदार्थ होय.

मांस कुटणे : गुश्ताब्याचा कस चुलीवर नव्हे, पाट्यावर ठरतो. मागच्या मांडीचे हाडाविरहित मांस शिरा व पापुद्रे काढून सपाट दगडावर ठेवतात आणि अक्रोडाच्या लाकडाच्या मोगरीने कुटतात. मांस ताजे, जनावराची ऊब असलेलेच लागते. कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात; त्याआधीच्या मांसात पाणी व चरबी धरून ठेवण्याची क्षमता अधिक असते. कुटताना मीठ, वेलची आणि थोडीथोडी करून चरबी घालतात. मिठामुळे स्नायूंतील मायोसिन हे प्रथिन सुटते, चरबीचे बारीक कण त्यात अडकतात आणि गोळा अंडे किंवा पीठ न घालताही फुटत नाही. हाताला लागलेली प्रत्येक शीर कुटणारा वेचून टाकतो. अलीकडे खिमायंत्र वापरले जाते. मात्र पात्याने तंतू तुटतात, कुटल्याने ते उकलतात. यंत्राच्या गोळ्याला तो लवचीकपणा येत नाही, हे जाणत्या खवय्याला पहिल्याच घासाला कळते.

याच कुटलेल्या मांसाचे लहान गोळे लाल रश्श्यात शिजवले की ‘रिस्ता’ होतो. त्याचा रंग मिरचीइतकाच ‘मावल’ या कोंबड्याच्या तुऱ्यासारख्या फुलाच्या अर्कातून येतो.

रस्सा : घुसळलेले दही उकळी येईपर्यंत सतत ढवळावे लागते, हात थांबला की ते फाटते. त्यात मांसाचे पाणी, तूप, लसूण, ‘प्राण’ या काश्मिरी छोट्या कांद्याचे तळलेले वाटण, हिरवी व मोठी वेलची घालतात. काही पाककृतींत बडीशेप आणि सुंठही असते. शेवटी वाळलेला पुदिना चुरून टाकतात. हळद, मिरची नसते.

मेजवानीतील स्थान : वाझवान रांधणाऱ्या आचाऱ्याला ‘वाझा’, प्रमुखाला ‘वस्ता वाझा’ म्हणतात. हे काम पुरुषांचे व बहुधा वंशपरंपरेचे. श्रीनगरातील वाझापोरा ही त्यांची जुनी वस्ती. उघड्यावर लाकडांच्या लांब जाळावर कल्हई केलेल्या तांब्याच्या देगांची रांग मांडतात. ‘तश्त-नारी’ने (हात धुण्याची झारी व तस्त) पाहुण्यांचे हात धुतले की एका ‘त्रामी’भोवती (मोठे तांब्याचे ताट) चौघे बसतात. भातावर कबाब, तबक माझ (फासळ्यांचे मांस) आधीच रचलेले असते. रिस्ता, रोगन जोश, धनिवाल कोर्मा, आबगोश्त वगैरे पदार्थ वाझा मागाहून वाढत जातो. पूर्ण वाझवानात 36 पदार्थ असतात असे सांगतात. व्यवहारात संख्या यजमानाच्या ऐपतीवर ठरते. पदार्थ कितीही कमी केले तरी गुश्ताबा मात्र सुटत नाही. तो आला की यजमानाने वाढण्याची सांगता केली असे समजतात, आणि तो नाकारणे हा यजमानाचा अवमान मानला जातो.

इतिहास : तैमूरच्या काळात मध्य आशियातून आलेल्या आचाऱ्यांकडे वाझवानाचा उगम नेण्याची परंपरा आहे, तिच्याविषयी एकमत नाही.

निर्बंध : लग्नातील नासाडी रोखण्यासाठी जम्मू-काश्मीर शासनाने 2017 मध्ये आदेश काढला. मुलीच्या लग्नाला 500, मुलाच्या लग्नाला 400 पाहुणे आणि मुख्य पदार्थ सातच, अशी मर्यादा त्यात होती. सातांच्या यादीतही गुश्ताब्याला जागा मिळेल, एवढे त्याचे महत्त्व आहे.

काश्मिरी पंडितांचा पाकसंप्रदाय : गुश्ताब्याच्या रश्श्यातील कांदा-लसूण येथे परंपरेने वर्ज्य, हिंग, सुंठ, बडीशेप यांवर भर. दह्याच्या रश्श्याचा त्यांचा मुख्य पदार्थ यखनी.