गावाने रेडिओला उत्तर दिले

पुणे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्याचे प्रसारण मध्यमलहरींवर होते; या लहरी जमिनीला धरून दूरवर जातात. जुन्नर, आंबेगावसारख्या डोंगराळ तालुक्यांसाठी हे सोयीचे. ७९२ किलोहर्ट्झ ही या केंद्राची ओळख.

१९५६ मध्ये इथे युनेस्कोच्या मदतीने, कॅनडाच्या धर्तीवर, रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे त्यात होती. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग एकत्र चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या. असे वीस कार्यक्रम झाले.

ऐकणारा बोलू लागला!

टाटा समाजविज्ञान संस्थेने प्रयोगाचे मूल्यमापन केले. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली.