सरपंच नसलेली गावे

नोएडा हे नाव कोणा राजाचे, देवतेचे अथवा नदीचे नव्हे. ते एका सरकारी कचेरीचे आहे, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट अथॉरिटी’ या नावाच्या आद्याक्षरांपासून ते बनले. 1976 च्या एप्रिलमध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, हे प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढे शहरच कचेरीच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

अट्टा, निठारी, हरौला, छलेरा अशी 81 गावे या क्षेत्रात येतात. शेते संपादिली गेली, सेक्टर आखले गेले. वस्ती तेवढी जागच्या जागी राहिली. सेक्टर 18 च्या झगमगाटाला खेटून आजही अट्टा गाव उभे आहे.

1993 साली दोन घटनादुरुस्त्या अमलात आल्या व गावाला पंचायत, नगराला नगरपालिका हा घटनेचाच दंडक झाला. परंतु त्यात एक परंतुक आहे. उद्योगसंस्था जेथे नागरी सेवा पुरविते, ते क्षेत्र राज्यपालांनी ‘औद्योगिक नगरी’ म्हणून निर्दिष्ट केल्यास तेथे नगरपालिका नसली तरी चालते. डिसेंबर 2001 मध्ये नोएडाला हे परंतुक लागू झाले. गावांच्या पंचायती तेवढ्या उरल्या होत्या. 2015 च्या निवडणुकीपासून त्याही गेल्या. गावकरी लखनौसाठी मत देतो, दिल्लीसाठी मत देतो. गल्लीतल्या दिव्यासाठी मात्र अर्ज देतो. मी स्वतः सरकारी नोकर आहे. अर्जाचा निकाल आम्ही लावतो, नाही असे नाही; पण आमची बदली होते, सरपंचाला गावातच राहावे लागते.

गंमत अशी की, आपण स्थानिक संस्थाच आहोत असे सांगून प्राधिकरणाने प्राप्तिकरातून सूट मागितली, तेव्हा 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने तो दावा अमान्य केला. औद्योगिक नगरी म्हणजे नगरपालिका नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

दूरच्या दक्षिण आफ्रिकेत याच्या उलट घडले. देशाची तसूभरही भूमी नगरपालिकेवाचून राहू नये, असे तेथील 1996 ची राज्यघटना सांगते. झुलू राजांचे नोंगोमा घ्या. वस्ती ग्रामीण, भाषा झुलू, भोवतालची पुष्कळ जमीन राजाच्या विश्वस्त निधीकडे. तरीही कारभार निवडून आलेल्या परिषदेकडे. परंपरागत प्रमुखांना परिषदेत बसता येते, बोलता येते. मत मात्र देता येत नाही.

इतक्या दूर तरी कशाला जावे? आपली नवी मुंबईही 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोनेच वसविली. परंतु 1992 च्या आरंभी तेथे महानगरपालिका आली व 1995 मध्ये पहिली निवडणूक झाली. ज्या आगरी-कोळ्यांच्या शेतांवर व मिठागरांवर ते शहर उभे राहिले, ती माणसे त्या दिवशी आपला नगरसेवक निवडण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभी राहू शकली.