सुरक्षा अधिकाऱ्याची पात्रता : कारखाना कायद्यातील एका पदाचा इतिहास

प्रस्तावना

मुंबई इलाख्यातील कामगार चळवळीचा इतिहास लिहिताना कामाचे तास, वेतन व संप या विषयांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले. कारखान्यातील अपघात टाळण्याचे ज्ञान हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे, त्यासाठी रीतसर शिक्षण व परीक्षा आवश्यक आहे, ही कल्पना मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. कायद्याने ही कल्पना मान्य केली तीदेखील फार उशिरा. पहिला कारखाना कायदा आणि सुरक्षा अधिकाऱ्याची तरतूद यांत ९५ वर्षांचे अंतर आहे. हा विलंब का झाला आणि पुढे पात्रता ठरविताना काय साधले व काय निसटले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

यंत्राचे कुंपण आणि माणसाचे शिक्षण

१८८१ चा कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. धोकादायक यंत्राभोवती कुंपण असावे, एवढीच त्याची सुरक्षाविषयक दृष्टी होती. स्वतंत्र निरीक्षक नेमलेला नसेल तेथे जिल्हा दंडाधिकारीच निरीक्षक समजला जाई. महसूल आणि फौजदारी कामकाजात गढलेल्या या अधिकाऱ्यास साच्याचा पट्टा किंवा धोट्याची गती यांचे ज्ञान असण्याची अपेक्षा नव्हती. त्या काळात कारखान्याशी निगडित असलेला महत्त्वाचा दाखला होता तो बालकामगाराच्या वयाचा, आणि तो डॉक्टर देत असे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन तयार झाले, त्यात साप्ताहिक सुटी व दुपारची अर्धा तास विश्रांती यांबरोबरच जखमी कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, अशी मागणी होती. सुटी व विश्रांती १८९१ च्या कायद्याने मिळाली. भरपाईसाठी १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा यावा लागला. अपघात घडल्यानंतर काय द्यावयाचे हा प्रश्न अशा रीतीने ४० वर्षे गाजला. अपघात घडूच नये यासाठी कोणी काय शिकावे, हा प्रश्न त्या वादात डोकावलाच नाही. खाणीचा व्यवस्थापक व बॉयलर सांभाळणारा यांना मात्र परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविणे सक्तीचे झाले होते. बॉयलर फुटला तर मालमत्तेची राखरांगोळी होते, साच्यात हात गेला तर एकाच माणसाचा जातो. हा फरक त्यामागे नसेल असे म्हणवत नाही.

१९४८ च्या कारखाना अधिनियमातील विसंगती या दृष्टीने लक्षणीय आहे. चालू यंत्राला तेल देण्याचे किंवा त्याची तपासणी करण्याचे काम खास प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, असे कलम २२ सांगत होते. कलम ४९ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक होते. म्हणजे तेल देणाऱ्याला प्रशिक्षण हवे होते, उपाहारगृह व विश्रांतिगृहाकडे पाहण्यास अधिकारी हवा होता; परंतु संपूर्ण कारखान्याच्या सुरक्षिततेकडे पाहणारा जाणकार माणूस कायद्याला अद्याप सुचलेला नव्हता.

शीव येथील संस्था आणि १९८२ चे नियम

ज्ञानाची व्यवस्था कायद्याच्या आधी उभी राहिली. १९५९ मध्ये मुंबईत केंद्रीय श्रम संस्था सुरू झाली व फेब्रुवारी १९६६ मध्ये ती शीव येथील वास्तूत आली. डिसेंबर १९६५ मध्ये दिल्लीत भरलेल्या औद्योगिक सुरक्षा परिषदेनंतर ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. १९७२ पासून हा दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. शीव येथील संस्थेची औद्योगिक सुरक्षेची पदविका, आणि पुढे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाचाही असाच अभ्यासक्रम, हे या व्यवसायाचे प्रवेशद्वार ठरले.

१९७६ च्या दुरुस्तीने कलम ४० (ख) आले. १,००० किंवा अधिक कामगार असलेल्या, अथवा राज्य शासनाच्या मते धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात, शासनाने अधिसूचना काढल्यास, भोगवटादाराने सुरक्षा अधिकारी नेमावयाचा होता. महाराष्ट्रात या पदाची कर्तव्ये, पात्रता व सेवाशर्ती ठरविणारे नियम १९८२ मध्ये झाले.

या नियमांतील पात्रता त्रिविध होती. अभियांत्रिकीची पदवी व कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून किमान दोन वर्षांचा अनुभव, किंवा अभियांत्रिकीची पदविका अथवा भौतिकी वा रसायनशास्त्राची पदवी असल्यास पाच वर्षांचा अनुभव, ही पहिली अट. शासनमान्य औद्योगिक सुरक्षेची पदवी अथवा पदविका, ही दुसरी. तिसरी अट त्या भागातील बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे पुरेसे ज्ञान ही होती. सुरक्षेची पदविका एकटी पुरेशी नव्हती. तिच्या अलीकडे कारखान्यात घालवलेली वर्षे होती आणि पलीकडे कामगाराशी बोलता येण्याची क्षमता.

भाषेची अट वरवर किरकोळ वाटते. वस्तुतः तीनही अटींत तीच सर्वांत दूरदर्शी म्हणावी लागेल. पदविकेचे अध्ययन प्रायः इंग्रजी ग्रंथांवर होते. वायूची विषारी मर्यादा, आगीचे प्रकार, अपघाताच्या वारंवारतेचे गणित हे सारे विद्यार्थी इंग्रजीतून शिकतो. टाकीत उतरण्यापूर्वी आतील हवा का तपासावयाची, हे मात्र त्याला मराठीत किंवा हिंदीत, पाळी सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांत सांगावे लागते. परीक्षेत या कौशल्याला गुण नाहीत.

अधिकाराच्या बाबतीत नियमांनी सावध पवित्रा घेतला. सुरक्षा अधिकाऱ्यास वरिष्ठ अधिकाऱ्याचा दर्जा असावा, त्याने थेट मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करावे व कर्तव्याशी विसंगत असे काम त्याच्यावर लादू नये, असे म्हटले गेले. कर्तव्य मात्र व्यवस्थापनास सल्ला व साहाय्य देण्याचे. ज्याच्या यंत्रातील दोष दाखवावयाचा त्याच्याकडूनच वेतन घ्यावयाचे, हा पेच कोणत्याही पदविकेने सुटणारा नव्हता. उत्पादन विभागाच्या प्रमुखाने सल्ला डावलला तर अधिकाऱ्याजवळ उरते ते लेखी टिपण. अपघातानंतरच्या चौकशीत तेच टिपण त्याचा बचाव होतो, आणि कधी कधी त्याच्या नोकरीवरचे संकटही.

भोपाळनंतर

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली आणि हजारो माणसे दगावली. १९८७ च्या दुरुस्तीने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घातले. घातक पदार्थ हाताळणीवर देखरेख करणाऱ्याची पात्रता व अनुभव, कामगारांचा सहभाग असलेली सुरक्षा समिती आणि निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क, या तरतुदी त्यातील होत. धोका ओळखण्याचा अधिकार येथे प्रथमच प्रमाणपत्रधारकाच्या पलीकडे, प्रत्यक्ष यंत्रावरील माणसापर्यंत पोहोचला.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने सुरक्षा अधिकाऱ्यासाठी कारखान्यातील कामगारसंख्येची मर्यादा ५०० वर आणली. धोकादायक प्रक्रिया असल्यास ती २५० आहे. बांधकामाच्या ठिकाणी २५०, तर खाणीत १०० कामगार ही मर्यादा ठरली. ४० कामगारांच्या प्रेस शॉपमध्ये किंवा २०० कामगारांच्या रसायन कारखान्यात पदविकाधारक सुरक्षा अधिकारी असण्याची सक्ती या आकड्यांतून निर्माण होत नाही. तेथे मार्गरक्षकाविना चालणाऱ्या पॉवर प्रेसपुढे बसलेल्या कामगाराला यंत्र थांबविण्यास सांगणारा माणूस म्हणजे बहुधा त्याचा सुपरवायझर, आणि दिवसाचा माल पुरा करून घेण्याची जबाबदारीही त्याचीच असते.