विमानप्रवास आणि दुबळे श्वसनस्नायू

मुंबई : जानेवारी २००१मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईत आले होते. मोटर न्यूरॉन विकाराने त्यांचे शरीर जवळजवळ निश्चल झाले होते आणि १९८५पासून ते गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेत होते. तरीही त्यांनी हा दूरचा प्रवास केला आणि ८ जानेवारीला आपला ५९वा वाढदिवस मुंबईतच साजरा केला. चेता व स्नायूंच्या विकारात विमानप्रवास सरसकट वर्ज्य नसतो. मात्र त्याची तयारी तिकीट काढण्यापूर्वीच करावी लागते.

केबिनमधील हवा

उडत्या विमानाच्या केबिनमधील दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो साधारणतः सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाएवढा राखला जातो. म्हणजे अंधेरीहून उड्डाण केलेला प्रवासी काही मिनिटांतच महाबळेश्वरपेक्षाही उंच ठिकाणच्या हवेत जाऊन बसतो. आठ हजार फुटांवरील विरळ हवेत श्वास घेणे म्हणजे समुद्रसपाटीवर २१ऐवजी सुमारे १५ टक्के प्राणवायू असलेल्या हवेत श्वास घेणे होय. निरोगी माणूस नकळत थोडा खोल श्वास घेऊन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढतो.

भाताच दुबळा असेल तर?

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, एएलएस, मायस्थेनिया ग्रेव्हिस अशा विकारांत फुप्फुसे बहुधा चांगली असतात; ती फुगवणारे श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू मात्र दुबळे होऊ शकतात. त्यामुळे खोल श्वास घेण्याची राखीव शक्तीच उरत नाही. याची पहिली चिन्हे अनेकदा झोपेत दिसतात. सकाळी डोके दुखणे, दिवसा झापड येणे, उताणे झोपल्यावर धाप लागणे ही ती चिन्हे होत. घरी दिवसा ऑक्सिमीटरवर ९७चा आकडा दिसतो म्हणून निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

येथेच एक मोठा गैरसमज आहे. अशा रुग्णाला केवळ प्राणवायू देऊन भागेलच असे नाही. श्वास उथळ असल्याने कार्बन डायऑक्साइड शरीरात साचतो. प्राणवायूमुळे ऑक्सिमीटरवरील आकडा सुधारतो, पण हा साठा वाढतच राहू शकतो आणि रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. अनेकांना खरी गरज असते ती श्वासाला जोर देणाऱ्या बायपॅप यंत्राची. प्राणवायू द्यायचा की बायपॅप, की दोन्ही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

त्यासाठी फुप्फुसांची क्षमता व रक्तातील कार्बन डायऑक्साइड तपासला जातो. गरजेनुसार रुग्णाला सुमारे २० मिनिटे १५ टक्के प्राणवायूच्या हवेत ठेवून चाचणीही घेतात.

प्रवासाची तयारी

* मदतीची गरज किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवावी आणि वैद्यकीय माहितीचा अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा.
* बायपॅप चालू ठेवण्यासाठी आसनाजवळच्या विजेवर विसंबू नये. बॅटरीचा हिशेब घरातून निघाल्यापासून करावा. मुलुंड किंवा बोरिवलीहून निघताना रस्त्यावरील कोंडी, विमानतळावरील प्रतीक्षा आणि उड्डाणास होणारा विलंब त्यात धरावा.
* जादा लिथियम बॅटऱ्या हातसामानातच ठेवाव्यात. १०० वॉट-अवरपेक्षा अधिक आणि १६०पर्यंतच्या बॅटरीसाठी कंपनीची पूर्वपरवानगी लागते.
* डोक्यावरून खाली येणारे मुखवटे केवळ आणीबाणीसाठी असतात. प्राणवायू लागणार असल्यास त्याची स्वतंत्र व्यवस्था करावी.
* यंत्र, मुखवटा व औषधे सामानकक्षात देऊ नयेत.

नकार मिळाल्यास

अपंगत्वामुळे विमानातून उतरवण्यात आलेल्या जीजा घोष यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये १० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली होती. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०२२च्या सुधारित नियमानुसार केवळ अपंगत्वाच्या कारणावरून प्रवास नाकारता येत नाही. प्रवाशाची प्रकृती उड्डाणात बिघडेल असे कंपनीला वाटल्यास विमानतळावरील डॉक्टरांकडून त्याची प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी लागते आणि नकार दिल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतात.

म्हणूनच विकाराचे नाव, यंत्राची गरज आणि प्रवासास हरकत नसल्याचा निर्वाळा देणारे डॉक्टरांचे पत्र हाताशी ठेवावे. काउंटरवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला दुबळे स्नायू दिसत नाहीत; कागद दिसतो.