गट क्रमांक 24/2 चा 12 कसा होतो? सर्व्हरकडून ब्राउझरकडे जाणाऱ्या माहितीचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर फक्त प्रोग्रॅमर लोकांचा वाटेल. सर्व्हरवरची एखादी किंमत, म्हणजे नाव, गट क्रमांक किंवा रक्कम, ब्राउझरमधल्या स्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये कशी पोचवायची? पण या प्रश्नात आपण सगळेच अडकलेलो आहोत. कसे, ते बघू.

वाशीम जिल्ह्यात सहा तालुके आहेत : वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा. समजा, रिसोड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा गट क्रमांक 24/2 आहे. डेटाबेसमध्ये तो बरोबर नोंदलेला आहे. सर्व्हरच्या कोडने तो उचलला आणि पानातल्या जावास्क्रिप्टमध्ये जसाच्या तसा चिकटवला, भोवती अवतरणचिन्हं न घालता. आता ब्राउझरच्या लेखी तिरपी रेघ म्हणजे भागाकार. चोवीस भागिले दोन, उत्तर बारा. पडद्यावर गट क्रमांक 12! एरर नाही, सूचना नाही. आणि गट 12 तर दुसऱ्याच कुणाचा तरी आहे.

हे होतं कसं? सर्व्हरचा कोड आधी चालतो, पान तयार करतो आणि थांबतो. स्क्रिप्ट चालते ती नंतर, तुमच्या यंत्रावर. दोघांची गाठभेट होतच नाही. मधे असतो तो फक्त मजकूर.

याची सुरुवात 1995 सालची. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्टचा पहिला नमुना अवघ्या दहा दिवसांत उभा केला. त्याच वर्षी रासमुस लेरडॉर्फ यांचं पीएचपी आलं, आणि 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टचं एएसपी. सर्व्हरने पान लिहितानाच त्यात स्क्रिप्टच्या ओळीही लिहून टाकायच्या, ही रीत तिथून रुळली. 2002 मध्ये एएसपी डॉट नेट आलं. त्यात पानावर स्क्रिप्ट नोंदवायच्या तयार पद्धती होत्या, हिडन फील्डमधून किंमत पाठवायचीही सोय होती. रस्ता नीटनेटका झाला, पण चिकटवलेला मजकूर चिकटवलेलाच राहिला.

एका दस्तऐवजात दोन भाषा, ही गोष्ट तशी वाशीमला जुनीच आहे. हे वाकाटकांचं वत्सगुल्म. दुसऱ्या विंध्यशक्तीचा इथला ताम्रपट 1939 मध्ये उजेडात आला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे, आणि गाव दान दिल्याचा प्रत्यक्ष हुकूम प्राकृतात. वाचणाऱ्या माणसाला एक भाषा कुठे संपली नि दुसरी कुठे सुरू झाली ते कळतं. ब्राउझरला असं तारतम्य नसतं. त्याला हद्द खुणेनेच दाखवावी लागते. बांधावर दगड नसेल, तर शेजारचं वावर आपलंच समजून तो नांगर घालतो.

हद्द नसण्याचा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. फॉर्ममध्ये नावाच्या जागी कुणी स्क्रिप्टच लिहिली, आणि सर्व्हरने ती तशीच पानात उतरवली, तर ती पुढच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालते. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. तरी ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेसवर एका प्रोफाइलमध्ये दडवलेला कोड एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक प्रोफाइलांवर पसरला. माहिती म्हणून घेतलेला मजकूर हुकूम म्हणून चालला, एवढंच कारण.

उपाय मात्र साधा निघाला. डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेल्या जेसन या मांडणीचं टिपण जुलै 2006 मध्ये इंटरनेटच्या अधिकृत आरएफसी मालिकेत आलं. त्याच वर्षी पीएचपी 5.2 मध्ये जेसन तयार करणारं फंक्शन आलं. गंमत बघा, त्यातून ‘वाशीम’ हा शब्द पाच संकेतांच्या रूपात जातो, पहिला 0935 म्हणजे ‘व’. ब्राउझरमध्ये तो पुन्हा ‘वाशीम’ होतो, काना-वेलांटीसकट. आणि मजकूर म्हणून दिलेल्या 24/2 ला अवतरणचिन्हं लागतात, वर तिरप्या रेघेआधी एक उलटी रेघही लागते. ती कशासाठी? मजकुरात कुणी स्क्रिप्ट बंद करायचा टॅग लिहिलाच, तर त्याने खरी स्क्रिप्ट मधेच बंद पडू नये म्हणून.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्यांनी तीन गोष्टी गाठीला बांधाव्यात. किंमत हाताने चिकटवू नका, ती जेसनच्या फंक्शनमधून जाऊ द्या. गट क्रमांक, खाते क्रमांक हे आकड्यांसारखे दिसले तरी ते मजकूरच आहेत, त्यांची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. खाते क्रमांक 011 अवतरणाशिवाय लिहिलात, तर जावास्क्रिप्ट जुन्या अष्टमान पद्धतीने त्याचा 9 करते. आणि तिसरी : जे ब्राउझरकडे गेलं ते वाचकाला दिसतं आणि त्याला बदलताही येतं, मग ते हिडन फील्ड का असेना. म्हणून गुप्त काही पाठवू नका, आणि परत आलेली किंमत सर्व्हरवर पुन्हा तपासा. पडद्यावरच्या एका चुकीच्या आकड्यापायी कुणाला तहसीलच्या खेपा घालाव्या लागतील, हे कोड लिहिताना लक्षात असू द्या.

आज इथे थांबतो.